हातोडी उगारली ती सकाळ

तांब्याची भांडी चिंचेने घासायला घेतली की त्या आंबूस वासासरशी कसबा पेठेतल्या आमच्या दुकानातली एक सकाळ मला आठवते. सरकारवाड्यात द्यायचा हंडा धाकट्या भावाने ठोकता ठोकता फोडला आणि मी रागाच्या भरात त्याच्यावर हातोडी उगारली. नेपाळाकडचा एक बौद्ध साधू कार्ल्याची लेणी पाहायला निघाला होता, तो भिक्षेचं भांडं सांधून घ्यायला दारात उभा होता. मोडक्या हिंदुस्थानीत तो शांतपणे म्हणाला, "मार खुशाल, पण आधी एक श्वास पुरता घे." मी श्वास घेतला आणि हात आपसूक खाली आला. समोर भाऊ दोन्ही हातांनी डोकं झाकून बसला होता. मला माझीच भीती वाटली. "हे मला शिकवाल का, महाराज?" मी विचारलं. "एकट्याने टिकत नाही. शेजाऱ्यांना घेऊन ये," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चार तांबट नदीकाठी त्याच्यासमोर डोळे मिटून बसलो. "ठोकठोक नसली की कानांना करमत नाही हो," एकजण पुटपुटला, तेव्हा साधूही हसला. आठ दिवसांनी तो गेला, पण आम्ही बसत राहिलो. भाऊ मात्र माझ्यापासून लांबच राही. पावसाळा सरल्यावर एका पहाटे शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. "सरका की थोडं, दादा," भाऊ म्हणाला. आता आम्ही दोघेही म्हातारे झालो आहोत. पेठेतले वीसेक जण आमच्याबरोबर बसतात, आणि तापट माणसाला कसं बसवायचं, ते माझ्यापेक्षा भावालाच चांगलं कळतं.