हिरवं विरजण

मढच्या साळुबाईचा जन्म शेवाळ घासण्यात गेला. माठाचं, रांजणाचं, मोरीचं. आणि दोन हजार चार साली तीच बाई जुन्नरहून बचत गटाचं ट्रेनिंग करून आली ती बाटलीभर शेवाळ छातीशी धरून. खायचं शेवाळ! नाव स्पिरुलिना, ते तिच्या जिभेवर बसेना. पण ट्रेनिंगच्या मॅडम म्हणाल्या होत्या की यानं अंगात रक्त भरतं, तेवढं मात्र डोक्यात पक्कं बसलं. पोरगी हर्षाली शाळेत दोनदा चक्कर येऊन पडली होती ना.

मॅडमनी टबात वाढवा सांगितलेलं. टब ठेवणार कुठं, अंगणभर कोंबड्या. मग साळुबाईनं लोणच्याची काचेची बरणी खिडकीत मांडली, खायचा सोडा घातलेलं पाणी भरलं, झाकणाला भोक पाडून त्यातून रवी सोडली. चुलीकडं येईल त्यानं दोन घुसळण्या मारायच्या, बस्स. शेवाळाचं हे बी महिनाभर जगलं तर मॅडम असल्याच बरण्या गटातल्या घरोघर देणार होत्या. नवऱ्याला, चिमाजीला, तिनं त्याला कळेल असं सांगितलं. विरजण आहे, थोडं कायम राखायचं.

तिथंच घोळ झाला.

ती लोणी गावाला लग्नाला गेली आणि शेजारची बानूबाई विरजण मागायला आली. चिमाजीनं बरणीतलं पेलाभर काढून दिलं, वर बरणी रिकामी दिसू नये म्हणून तांब्याभर साधं पाणी ओतलं. साळुबाई आली तर बरणी पिवळी, आठ दिवसांत पांढरी. ऊन चुकलं? सोडा? रवी? तिला काही उमगेना. चिमाजी तिला बघितलं की कोंबड्या हाकायला अंगणात पळायचा. बानूबाई तर समोरून आली तरी मान फिरवायची, का ते देव जाणे. आणि मॅडम शुक्रवारी येणार.

गुरुवारी बानूबाईनं येऊन पेला उंबऱ्यावर आदळला.

"इरजण मागितलं तर डबकं दिलं व्हय गं तुझ्या मालकानं? चमचाभर घातलं, दूध इरजलंच न्हाई. आमी मेंढरंवाली म्हणून चेष्टा करता?"

साळुबाई पेल्याकडं बघतच राहिली. हिरवागार!

"तू फेकलं न्हाईस?"

"दुसऱ्याचं इरजण कुनी गटारात फेकतं का? ठिवलं कुडाच्या भिंतीवर."

"आन ते दूध?"

"पेलो की." बानूबाईचा आवाज एकदम उतरला. "का गं? काय व्हईल?"

"रक्त वाढंल," साळुबाई म्हणाली आणि तिला हसू का रडू तेच कळेना.

पण हे खरं बी, का साधं डबक्याचंच शेवाळ? मॅडमनी खूण सांगितलेली, फडक्यातून गाळलं की खरं असेल ते चक्क्यासारखं वर राहतं. दोघींनी लुगड्याच्या चिंधीतून घोटभर गाळलं. पाणी खाली गेलं, हिरवा ठिपका वर राहिला. त्या कुडावर ना रवी, ना कुणाचा हात, मग जगलं कसं? दोघींना कळलं नाही.

साळुबाईनं बरणीत नवं सोड्याचं पाणी भरून अर्धा पेला ओतला, अर्धा बानूबाईला कुडावर ठेवायला परत दिला. एका घरचं नासलं तर दुसऱ्या घरचं आणायचं, विरजणाचं असंच तर असतं.

शुक्रवारी मॅडमनी फिक्कट बरणी बघून विचारलं, बी कुठंय. साळुबाईनं शेजारच्या कुडाकडं बोट दाखवलं. आता मॅडमनाच काही कळेना.