खाली झेपावणारे ससाणे

शारजात रोल्ला बाजाराच्या मागे आमचं पडद्यांचं दुकान होतं. ‘आमचं’ म्हणते, पण मालक नवऱ्याच्या ओळखीतले एक मराठी गृहस्थ. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला वहिनी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथे कापड बेतणारी बाई मी एकटीच. त्या कात्रीचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

एका म्हाताऱ्या अरबी गृहस्थांच्या बैठकीच्या खोलीसाठी इटलीहून रेशीम आलं. मध्ययुगातल्या तिकडच्या विणकरांची नक्षी, नव्यानं विणलेली. वेलींच्या जाळीतून ससाणे डोकं खाली करून झेपावतायत आणि खालून कुत्री तोंड वर करून त्यांच्याकडे बघतायत. सोबत नमुन्याचं पुस्तक होतं. त्यातलं चित्र बघून मी पट्ट्या कापल्या आणि प्रत्येकीच्या मागे, वरच्या कडेला खडूनं ‘वर’ लिहिलं.

भाऊ येऊन हसले. “वहिनी, पैठणीवरचा पोपट कधी शीर्षासन करतो का? पक्षी म्हणजे डोकं वर. फिरवा कापड.”

मी पुस्तक दाखवलं. कुत्री उलटी होतील म्हटलं.

“ती वेलीत गुरफटलीयत, कोण बघतंय? खलास, शिवायला द्या.”

लग्नाकार्यात आयुष्यभर पैठण्या बघितल्या, म्हणून जगातल्या सगळ्या पक्ष्यांनी आपलं समोरासमोर बसूनच राहायचं का? माझं कुणी ऐकलं नाही. मल्याळी मास्टरनं पडदे भाऊंच्या सांगण्याप्रमाणे शिवले.

पडदे टांगले त्या दिवशी आम्ही तिघंही तिथे होतो. गृहस्थांनी स्वतः ससाणे पाळलेले. खोलीच्या दारातच थबकले आणि हिंदीत म्हणाले, “शाहीन शिकार पे ऊपर से गिरता है. ये ऊपर क्यों चढ़ रहा है?”

भाऊंनी सरळ माझ्याकडे बोट केलं. “कटिंग इनका है.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच जमिनीवर बसले आणि पडद्याची खालची दुमड उसवली. आत माझं खडूचं अक्षर तसंच होतं. म्हटलं, “देखिए, मैंने लिखा था, ये साइड ऊपर.”

गृहस्थ वाकून बघू लागले. त्यांना ती लिपी येत नव्हती, मास्टरलाही नाही. त्यांनी भाऊंना विचारलं, “क्या लिखा है?”

भाऊंनी चष्मा लावला, अक्षर नीट वाचलं आणि म्हणाले, “नीचे.”

मी किती सांगितलं, पण ते आपले “घबरा गई बेचारी” म्हणत राहिले, आणि गृहस्थांना मालकाचं पटलं. दुसऱ्या दिवशी माझी कात्री काढून घेतली आणि मला काउंटरवर बसवलं. नवरा म्हणाला, जाऊ दे. काय जाऊ दे? त्या खोलीत माझं अक्षर वाचू शकणारा एकच माणूस होता, आणि त्यानं ते असं वाचलं. आजही आठवलं की डोकं फिरतं.

पुढे मी स्वतःचं दुकान काढलं. कापडावर आता अक्षर लिहीत नाही. बाण काढते.