काळी वायर आधी काढा

ताईचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कपाटातली पुस्तकं उन्हात मांडत होतो. "तुझे दाजी गेले रे," एवढंच ती म्हणाली... पुस्तकं तशीच उघडी टाकून मी ताईच्या घरी, गोडादऱ्याला निघालो. त्या दिवसांत ती एकच तक्रार पुन्हा पुन्हा सांगत होती: छातीत दुखत होतं, दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी होती, तरी हे पाच मिनिटं गाडीपाशी काहीतरी करत राहिले. आज दीड महिना झाला.

भास्करदाजी चाळीसगावकडचे. पलसाण्याच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात त्यांनी सारा जन्म फिटर म्हणून काढला. तिथल्या शेठच्या मुलाने हौसेने घेतलेली एक लाल, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार बॉयलरमागे धूळ खात पडली होती. दाजी निवृत्त झाले त्या दिवशी शेठ गुजरातीत म्हणाले, "लई जाओ, भास्करभाई." गाडी आली आणि घरासमोरची सगळी जागा तिने व्यापली. इंजिन दाजींनी जिवंत केलं, पण स्टार्टर मोटर जळालेली होती. त्यामुळे दर रविवारी धक्का मारावा लागे. गल्लीतली माणसं हसत यायची, पण कुणी नसलं की दाजी एकटेच ढकलायचे. त्यांच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवलेली होती. ताईने हे एकदा खिडकीतून पाहिलं आणि बजावलं, "दसराले हाई गाडी चालू नही व्हयनी ते भंगारमा जाई!" ताई बोलली की बोलली.

भेस्तानच्या एका दुकानात जुनी पण चांगली मोटर मिळाली. गाडीच्या कप्प्यात दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक होतं. दाजींना इंग्रजी येत नव्हतं आणि मला पाना धरता येत नव्हता. "मास्तर, तू वाच, मी करस," म्हणून ते गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. मी पायरीवर बसून एकेक वाक्य मराठीत सांगू लागलो. पुस्तकांची प्रस्तावनासुद्धा न सोडणारा मी, पण त्या दिवशी चौकटीतला मजकूर नेहमीच्या सूचना समजून ओलांडला आणि सरळ नटांवर गेलो. दाजींनी चावी काढून खिशात टाकली होती. कारखान्यात मेन स्विच पाडला की मशीन मेलं, तसंच त्यांनी धरलं होतं. पाना जाड वायरच्या नटाला लागला, दुसरं टोक इंजिनला टेकलं आणि खाली लख्ख ठिणगी उडाली.

दाजी बाहेर आले. दोन बोटं भाजली होती. "बुकमा काय लिखेल शे?"

मी पान मागे उलटलं. आधी बॅटरीची काळी वायर काढा.

"पयली ओळच ती शे?"

"हो."

ते माझ्याकडे बघून हसले. "आते दुसरीपासून वाचू नको." ताईला त्यांनी सांगितलं की चहाचं भांडं हाताला लागलं. ती म्हणाली, "चहा ते मी करा व्हता!" पण दाजींनी माझं नाव काही घेतलं नाही.

पुढच्या रविवारी मी पहिली ओळ मोठ्याने वाचली. सगळ्यात वरचा नट दिसतच नव्हता. दाजींनी बोटांची पट्टी सोडून टाकली, डोळे मिटले आणि हाताने तो शोधून काढला. जुनी मोटर उतरली, नवी बसली, काळी वायर पुन्हा जोडली. चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात गुरगुरली. दसऱ्याला झेंडूची माळ घालून ती ताईला डुमसच्या समुद्रावर घेऊन गेली. त्यानंतर गाडी चार दिवस उभी राहणार असली की बॅटरी उतरू नये म्हणून दाजी काळी वायर काढून ठेवत. मी दिसलो की विचारत, "मास्तर, पयली ओळ वाची ना?"... दहा वर्षं तोच प्रश्न, आणि दर वेळी माझी मान खाली.

गेल्या रविवारी ताई म्हणाली, "एकदा चालू करून बघ." मी चावी फिरवली. आवाज नाही, साधा दिवाही नाही. दारात उभ्या ताईचा चेहरा उतरला. "हाई बी गई का?"

मी बॉनेट उघडलं. काळी वायर काढलेली होती. तिच्या टोकाला रंगीत कापडाची चिंधी नीट गुंडाळलेली होती. रिक्षा दारात थांबवून दाजी त्या पाच मिनिटांत हे करत होते...

चिंधी सोडून मी वायर जोडली, नट आवळला, पुन्हा चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात गुरगुरली. ताई शेजारच्या सीटवर येऊन बसली. गाडी जागेवरच बराच वेळ चालू होती. मग मी ती बंद केली, बॉनेट उघडलं, काळी वायर काढली आणि तिच्यावर तीच चिंधी पुन्हा गुंडाळली.