बकुळाबाईंची भरती

झाशीच्या खंडेराव गेटापाशी राहणाऱ्या बकुळाबाईंना एका गोष्टीचा भारी तोरा होता. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इथे आले, म्हणून गावातली खरी मराठी म्हणजे त्याच. हळदीकुंकवाला बायका त्यांच्याभोवती बसत आणि त्या लढायांच्या गोष्टी सांगत. त्यांच्या मराठीत निम्मं हिंदी असे, पण ते त्यांना सांगणार कोण?

महायुद्धाच्या दिवसांत झाशीच्या रेल्वेवस्तीत, नगऱ्यात, रेल्वेतल्या गोविंदरावांची बायको आली, स्नेहलता. माहेर मुंबईबाहेरचं, वेसाव्याचं. तिनं तोंड उघडलं की समुद्र. दारात नथ घालून भांडणारी कोळीण काय, परसात वाळणारे बोंबील काय, खारट वाऱ्यानं काळी पडणारी घरातली भांडी काय! बायका तोंडाचा आ करून ऐकत. बकुळाबाईंच्या पोटात दुखू लागलं. मांजरानं दूध पळवलं तर निदान त्याला हाकलता येतं, इथे तर तिला हसून वाण द्यावं लागे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला स्नेहलता सांगत होती, "आमच्याकडे पुरुष वाळूवर पत्ते कुटत बसतात. भरती आली की धोतर सावरत घराकडे पळतात."

त्या दिवसांत झाशीत भरती म्हणजे एकच, फौजेची. बकुळाबाईंना वाटलं, सापडली. हरभऱ्याची डाळ खाली ठेवून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्या खानदानात भरती आली तर कोणी पळालं नाही हो. सीना तानके उभे राहिले."

नगऱ्याच्या रेल्वेवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. स्नेहलता तेवढी हसली नाही. "काकू, समुद्राचं पाणी चढतं ना, त्याला भरती म्हणतात," ती हळूच म्हणाली. ती हसली असती तर बकुळाबाईंनी तिला एक वेळ माफ केलं असतं. खऱ्या मराठीला मराठी शब्द शिकवला, तोही प्रेमानं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चार दिवस बाईंना अन्न गोड लागेना. हळदीकुंकवातला पहिला मान गेला, तर खंडेराव गेटापाशी आपल्याला विचारतो कोण? शेवटी दुपारी टांगा करून त्या नगऱ्यात स्नेहलताच्या दारात उभ्या राहिल्या.

"घरात कोणी नाही ना? मग बैठ इथे. समुद्र सांग मला, पूरा. पुढच्या वेळी मी सांगणार, तू चुप राहायचं."

"बरं काकू," म्हणून स्नेहलता बसली. भरती सांगितली, ओहोटी सांगितली. पाणी मागे हटल्यावर आई खडकावर शिंपल्यांतली कालवं काढायला जायची, असं म्हणाली आणि पुढे तिला बोलवेना. पदरात तोंड घालून ती रडू लागली.

बकुळाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना आपल्या पूर्वजांचं गाव आठवून पाहावंसं वाटलं. गावाचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. आठवून रडावं असं एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात आपलं काहीच नाही, हे कळलं, आणि त्या पोरीच्या रडण्यावरही त्या जळल्या.