ओके म्हणण्याआधी

खुर्ची आधी हलवून बघायची, मगच बसायचं. दाराला कुलूप लावलं की ओढायचं, जिना उतरायचा, परत चढून पुन्हा ओढायचं. बायकोने गॅस बंद केला म्हणून सांगितलं तरी बटण चाचपायचं. फोनवर समोरच्याने शेवटी "ओके?" म्हटलं की "बघतो" म्हणून ठेवून द्यायचा.

ही लिफ्टच्या मिस्त्रीची रीत. इमारतीतल्या पोरांनी त्याचं नाव बघतोमामा ठेवलं होतं. त्याची तक्रार नव्हती. "निदान खोटं तरी नाही," म्हणायचा.

जग ओकेवर चालतं हे त्याला कळत होतं. शिंपी माप घेतो, ओके म्हणतो. डॉक्टर ओके, दुकानदार ओके. भांडण मिटलं तरी ओके आणि नाही मिटलं तरी ओकेच. पण लिफ्टच्या कामात हा शब्द तोंडी लावायला नसतो. एक माणूस खाली खड्ड्यात, एक वर मोटरपाशी. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. खालून ओके आलं की वरचा खटका दाबतो. मध्ये दुसरं काही नसतं. मिस्त्रीच्या वस्तादाची बोटं अशीच गेली. ओके म्हणणाऱ्याने वस्तादाचा हात कुठे आहे ते वाकून पाहिलं नव्हतं, इतकंच. तेव्हापासून मिस्त्रीने ठरवून टाकलं. हात लावून तपासल्याशिवाय हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

त्याची थोरली बहीण, अक्का, त्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर राहायची. गुडघे कामातून गेलेले. तिचा नवरा, मिस्त्रीचे दाजी, अर्धांगवायूने रस्त्यापलीकडच्या इस्पितळात पडून होते. वाचा गेली होती. नर्सने भरवलं तर तोंड मिटून घ्यायचे. अक्काच्या हातचा घास तेवढा गिळायचे. म्हणून ती रोज दुपारी डबा घेऊन जायची.

नेमकं त्याच वेळी सहाव्या मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराचं लॉक बिघडलं. दार उघडं असलं तरी लिफ्ट कधी कधी हलायची. एक पाय आत, एक बाहेर, आणि लिफ्ट निघाली. अक्काला तर आत शिरायलाच सगळ्यांहून जास्त वेळ लागायचा. मिस्त्रीने फ्यूज काढून खिशात घातला, खाली "बंद" अशी पाटी लावली आणि नवं लॉक मागवलं. ते यायला वेळ होता.

"कधी हलते ती?" अक्काने विचारलं.

"कधीतरी."

"मग त्या कधीतरीला मी जाणार नाही. बाकीच्या वेळी जाईन."

"अक्का."

"तू नुसतं ओके म्हण. पुढची जबाबदारी माझी."

"तुझी जबाबदारी घेऊन मी काय करू? लोणचं घालू?"

"आणि ते तिकडे उपाशी राहिले तर? ते चालेल तुला?"

मिस्त्री उठला. आतून हात असलेली खुर्ची आणली. हलवून पाहिली. मग जिन्यात वाकून तळमजल्यावरच्या शिंप्याला हाक मारली.

"बस," तो अक्काला म्हणाला.

"मी काय कपाट आहे?"

"कपाट बरं, अक्का," वर आलेला शिंपी म्हणाला. "बोलत तरी नाही."

त्या दुपारी अक्का खुर्चीतून खाली गेली, खुर्चीतूनच वर आली. मांडीवर डबा, एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला शिंपी. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग रोजचंच झालं. दाजींचा घास चुकला नाही.

जिने चढून कंटाळलेली माणसं कुरकुरायला लागली. इमारतीच्या सेक्रेटरीने एकदा वाटेत गाठलं. "मिस्त्री, एक ओके म्हणायला तुमचं काय जातं हो?"

"माझं काहीच जात नाही," मिस्त्री म्हणाला. "म्हणून तर म्हणत नाही. जरा बाजूला व्हा, बहीण जड आहे."

"ऐकू येतंय मला," अक्का म्हणाली.

एका दुपारी वर चढताना मिस्त्रीने अर्ध्या वाटेवर खुर्ची टेकवली. असं तो कधी करत नसे. कपाळ घामाने डबडबलं होतं. डावा दंड तो चोळत राहिला.

"काय रे? ओके आहेस ना?" अक्काने विचारलं.

दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. मिस्त्रीने छातीवर तळहात ठेवला. बंद दारापाशी कान द्यावा तसा थोडा वेळ उभा राहिला.

"बघतो," म्हणाला.

शिंपी हसला. अक्काही हसली. उत्तर नेहमीचंच होतं. ते खरं होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मिस्त्रीने खुर्ची उचलली.

संध्याकाळी बायकोने डॉक्टरकडे चल म्हटलं. "लॉक येऊ दे," तो म्हणाला. "ते बसवतो, अक्काला एकदा लिफ्टने खाली सोडतो, मग दाखवतो." जेवणाआधी सहाव्यावर जाऊन त्याने जुनं लॉक सैल करायला घेतलं. दम लागला म्हणून उरलेलं सकाळवर टाकलं.

सकाळी बायकोने हलवलं. तो उठला नाही.

आता खुर्चीची एक बाजू शिंप्याकडे असते, दुसरी मिस्त्रीच्या बायकोकडे. दाजी अजून घास गिळतात. मेव्हणा का येत नाही, ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

नवं लॉक आलं आहे. सेक्रेटरी म्हणाला, "दुसरा मिस्त्री मिळेपर्यंत नवा फ्यूज घालून चालवू. चालते तर आहे. ओके?"

अक्का खुर्ची घेऊन लिफ्टच्या दारात बसली.

"कुणी हात लावून बघितलंय?" तिने विचारलं.

सेक्रेटरीने हात खिशात घातले.

"मग नाही."

फ्यूज अजून मिस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात आहे. सदरा खुंटीला आहे. नव्या लॉकचा खोका अक्काच्या टेबलावर, न उघडलेला. जुन्या लॉकचे वरचे स्क्रू त्याने काढून दाराच्या चौकटीवर नीट ओळीने ठेवले आहेत. खालचे अजून तसेच घट्ट आहेत.