ट्विलाने निवडलेली बंदूक

ट्विला स्प्रॅडलिन आमच्या खोऱ्यातल्या वृद्धाश्रमात बावीस वर्षं नोकरी करते. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं-पुसायचं, भरवायचं. पहाटेपासून दुपारपर्यंत लोकांचे म्हातारे सांभाळायचे आणि तीन वाजता घरी येऊन आपला म्हातारा सांभाळायचा. शाळेत मी तिच्या थोरल्या भावाच्या वर्गात होतो, त्यामुळे पोरीला दोन वेण्या होत्या तेव्हापासून ओळखतो. आता ती माझ्या दुकानात आली की मी खुर्ची पुढे करतो आणि ती नको म्हणते. बसलं की झोप लागते, म्हणून बसतच नाही.

दुकान माझं नाही खरं तर. खिळे, पाइप, कोंबड्यांचं खाद्य असं सगळं विकणारं ते गावातलं एकमेव दुकान, आणि मागच्या बाजूला बंदुकांचा काउंटर. तिथे मी एकतीस वर्षं उभा आहे. पहिली सेमी-ऑटोमॅटिक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मला दारातच कळतं. खिशात तीनशे डॉलर आणि नजर हजाराच्या बंदुकीवर. मी सांगतो, बाबा रे, चौथा हिस्सा गोळ्यांना राखून ठेव, बंदुकीवरची दुर्बीण पुढच्या वर्षी घे, आणि चित्रं बघून घेऊ नकोस, खांद्याला लावून बघ. ते मान डोलावतात आणि दुर्बीण घेऊन जातात. सांगून सांगून मी आता कंटाळलोय.

जुलैच्या शेवटी ट्विला आली. वृद्धाश्रमाचा निळा गणवेश अंगात तसाच.

"वेंडल, मला खारींच्या शिकारीची सेमी-ऑटोमॅटिक हवी. तीनशेच्या आत. गाडीचे टायर पण गेलेत."

"तू कधीपासून शिकारीला निघालीस?"

"डॅडींसाठी."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. जूनमध्ये काय झालं ते खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं.

तिचे वडील गार्लंड स्प्रॅडलिन त्र्याऐंशी वर्षांचे. कोळशाच्या खाणीत छताला पोलादी सळ्या ठोकायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. एकही माणूस त्यांच्या छताखाली मेला नाही, असं अजूनही जुने लोक सांगतात. पण दोन वर्षांपासून डोकं जागेवर राहत नाही. सकाळी ठणठणीत, दुपारी भलतीकडेच. जूनमधल्या एका दुपारी ट्विला कामावरून आली, तर म्हातारा ओट्यावर जुनी बंदूक रोखून उभा. "तिथंच थांब. कोण आहेस तू?" हातात दुधाचा कॅन घेऊन ती अंगणात पंधरा मिनिटं उभी राहिली. आपलं नाव सांगितलं, मेलेल्या आईचं सांगितलं, कुत्र्याचं सांगितलं. शेवटी म्हातारा म्हणाला, "उन्हात काय उभी राहिलीस, दूध नासेल," आणि बंदूक भिंतीला टेकवून आत गेला. तिने ती उघडून पाहिली तेव्हा आत गोळी होती.

दुसऱ्या दिवशी तिने ती बंदूक चुलतभावाकडे नेऊन ठेवली. तेव्हापासून म्हातारा दिवसभर शोधतोय. कपाटं उपसून ठेवतो, चोरी झाली म्हणून शेरिफला फोन करतो. ती थकून घरी आली की आधी पसारा आवरायचा आणि मग शेरिफची माफी मागायची.

"सकाळी शुद्धीवर असतात तेव्हा म्हणतात, जुनी जाऊ दे, तिचा गोळी भरायचा दांडा माझ्या बोटांनी ओढवत नाही," ट्विला सांगत होती. "म्हणतात, एक सेमी-ऑटोमॅटिक आणून दे. चाप ओढला की पुढची गोळी आपोआप येते. एवढा एक मोसम बसू दे झाडाखाली, म्हणतात."

"ट्विला..."

"पिन काढून दे."

यात नवीन काही नव्हतं. आमच्याकडे म्हाताऱ्याची बंदूक काढून घेत नाहीत. गोळीवर आपटणारी आतली छोटी पिन काढतात आणि बंदूक भिंतीवर राहू देतात. चार घरांसाठी मी हे काम केलंय. चारही पिना माझ्या खणात, चिठ्ठ्या लावलेल्या पाकिटांत. पण बिनपिनेची वापरायला म्हणून नवी बंदूक विकत घेणारी हीच पहिली.

"मग ही घे," मी सगळ्यात स्वस्त काळी प्लॅस्टिकची पुढे केली. "उडायचीच नाही तर महागडी कशाला?"

तिने ती हातात घेतली, उचलून पाहिली आणि परत दिली. "खेळणं वाटतंय. डॅडी लगेच म्हणतील."

मग तिने एक तास घातला. असं चोखंदळ गिऱ्हाईक मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही. एकीच्या गोळ्यांच्या पेटीची स्प्रिंग इतकी कडक की भरताना तिचाच अंगठा दुखला, ती बाद. दुसरी चांगली, पण तीनशे चाळीसची. तिसरी मी मागून काढली. जुनी, कुणीतरी विकलेली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, नळीखालच्या नळकांड्यात गोळ्या नुसत्या सोडायच्या. तिने बोटं वाकडी केली, वडिलांची संधिवाताने वाकलीत तशी, आणि त्या बोटांनी गोळी चढवायचा खटका मागे ओढून पाहिला. आला. पुन्हा ओढला. पुन्हा आला. दस्त्यावर गाल टेकवून ती जरा वेळ तशीच राहिली. मला वाटलं झोपलीच.

"केवढ्याला?"

"दोनशे साठ. गोळ्यांचा एक डबा माझ्याकडून."

"भीक नको देऊस."

"घे गं. मोठी आली."

फॉर्म तिच्या नावाने भरला, फोनवरून सरकारी चौकशी झाली. मग मी मागे जाऊन पिन काढली आणि पाचव्या पाकिटात टाकली.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी मोसम सुरू झाला. ट्विलाने सुट्टी घेतली आणि वडिलांना घरामागच्या हिकरीच्या झाडाखाली उलट्या बादलीवर नेऊन बसवलं. सोमवारी ती मला सांगत होती, तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरलेला नव्हता.

"खार आली, नेम धरला, चाप ओढला. नुसताच खट्ट. डॅडींनी गोळी बाहेर काढली, बघितली, खिशात टाकली. म्हणाले, हल्लीच्या गोळ्यांत दम नाही. आणि तसेच बसून राहिले दहा वाजेपर्यंत. कपाटं उपसणं बंद झालंय, वेंडल."

गोळी बघितली म्हणाली, तेव्हा मला आमची चूक कळली. ही बावीस कॅलिबरची बारकी गोळी उडाली नाही तर आमच्याकडचा कुणीही आधी तिची कड बघतो. पिन आपटली असेल तर कडेला खाच पडते. गोळी खराब की बंदूक, ते तिथे कळतं. हे मला ठाऊक, ट्विलाला ठाऊक, आणि पिन काढताना दोघांच्याही डोक्यात आलं नाही. म्हाताऱ्याचं डोकं गेलंय म्हणत होतो आम्ही.

दर मंगळवारी सकाळी चर्चची गाडी म्हाताऱ्यांना बाजाराला घेऊन येते. दुसऱ्याच दिवशी तिच्यातून गार्लंड उतरले. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. काउंटरवर एक गोळी ठेवली.

"कड बघ हिची."

"मिस्टर गार्लंड, हा माल जुना..."

"वेंडल, अख्खा जन्म खाणीच्या छताचा आवाज ऐकून काढलाय मी. मला शेंड्या लावू नकोस. पिन तू काढलीस?"

"हो."

"तिनं सांगितलं म्हणून?"

"हो."

"म्हणजे मी काहीतरी करून बसलोय. ती सांगायची नाही. कुणावर रोखली मी?"

दुकानात कुणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

"ट्विलावर."

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गोळी होती आत?"

"होती."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"पिन तुझ्याकडंच राहू दे," ते म्हणाले. "आणि मला कळलंय हे तिला सांगायचं नाही. माझ्यासाठी अक्रोडाचा दस्ता शोधून आणलाय पोरीनं. एक डबा गोळ्या दे. आधीच्या खराब निघाल्या म्हणून बदलून आणल्या, असं सांगतो."

पैसे दिले आणि ताठ चालत गेले. त्या दिवशी मी कुणाला धड काही विकलं नाही. असा मान राखणारा माणूस आता जन्माला येत नाही, असं वाटत राहिलं.

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा आले. तोच सदरा. खिशातून गोळी काढून काउंटरवर ठेवली.

"कड बघ हिची, वेंडल."

आधी मला वाटलं थट्टा करतायत. पण थट्टा नव्हती. सगळं पहिल्यापासून. पिन तू काढलीस? कुणावर रोखली मी? मी पुन्हा सांगितलं, आणि ते पुन्हा हातांकडे बघत राहिले, पहिल्या मंगळवाराइतकेच, तसूभरही कमी नाही. एक डबा गोळ्या घेऊन गेले. तिसऱ्या मंगळवारीही तेच.

चौथ्या मंगळवारी माझ्याच्याने होईना. माझं वय साठ. दर आठवड्याला एकाच माणसाला तीच बातमी द्यायला मी काय डॉक्टर आहे? त्यांनी विचारलं, "कुणावर रोखली मी?" आणि मी म्हणालो, "विजेच्या मीटरवाल्यावर."

"मीटरवाला!" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. खांदे खाली आले. "हात्तिच्या! मला वाटलं काय झालंय न काय. मीटरवाला होय! अरे, त्याला काठी दाखवली तरी पळतो तो. आण ती पिन इकडं. मी घरी बसवतो."

आणि त्यांनी हात पुढे केला. वाकडी बोटं, पण हात जराही हलत नव्हता. खाणीतलं सळ्या ठोकायचं यंत्र स्वतःच दुरुस्त करणारा हात. पिन बसवायला त्याला पाच मिनिटं पुरली असती. खण माझ्या गुडघ्याशीच होता.

"मिस्टर गार्लंड," मी म्हणालो, "मी खोटं बोललो. ट्विला होती."

हात तसाच पुढे राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"हे मी आधी विचारलंय का तुला?"

"तीनदा."

"खरं सांगितलं होतंस?"

"तिन्ही वेळा."

त्यांनी गोळी उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. "मग परत विचारलं तरी खरंच सांग," ते म्हणाले. "मी कसाही दिसलो तरी."

मी हो म्हणालो. आता मंगळवारी सकाळी काउंटरला मी दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नाही, मीच राहतो.