मागून येणारी दमणी

मलकापूर स्टेशनात ब्रेकच्या (सामानाच्या) डब्यातून सायकल उतरवून घेतली आणि आधी तिची दोन्ही चाके फिरवून पाहिली. पुण्याहून निघताना पत्नीने बजावले होते, "मोटारींच्या रस्त्याला जायचं नाही. कबूल असेल तरच सायकल न्या."

अट रास्त होती. वर्षापूर्वीच्या तापात माझा डावा कान कायमचा गेला. मी छापखान्यात मुद्रिते तपासतो; त्या कामाला डोळे पुरतात, म्हणून तिथे कुणाच्या लक्षात आले नाही आणि मीही येऊ दिले नाही. पण रस्त्याला कान लागतात. हडपसरच्या पलीकडच्या, खडकवासल्याकडच्या मुरमाच्या वाटांवर मी कित्येक रविवार एकटा भटकलो आहे. आता तिथेही लॉऱ्या धावतात. दिवाळीत एक लॉरी इतकी खेटून गेली की तिच्या वाऱ्याने टोपी उडाली. भोंगा वाजला होता म्हणे. मला काही ऐकू आले नव्हते.

अशात ताईचे पत्र आले. लग्नानंतर ती वऱ्हाडात चिखलीला गेली त्याला वीस वर्षे झाली. 'इकडे ये,' तिने लिहिले होते. 'गाडीवाटांवर दिवस दिवस मोटर दिसायची नाही. फिर हवा तितका.'

मलकापूरहून बुलढाण्याची सर्व्हिस मोटर मिळाली. सायकल टपावर बांधली. राजूरच्या घाटात मोटर तापली, तेव्हा सगळे उतारू खाली उतरून शांतपणे बिड्या ओढू लागले. कुणाला घाई नव्हती. पुण्याच्या माणसाला मध्यप्रांत-वऱ्हाड म्हणजे ऊन आणि कापूस एवढेच ठाऊक. घाटमाथ्यावरचा तो माघातला गार वारा मला अनपेक्षित होता. चिखलीला पोचलो तर ताई दारातच उभी. "काऊन रे, इतका वाळलास?" तिच्या तोंडी 'काऊन' (का) ऐकून मला हसू आले. कानाचे मात्र तिलाही सांगितले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अमडापूरला निघालो. सडक सोडून शेतांमधल्या जुन्या गाडीवाटेने गेलो. वाट मुरमाची, तांबूस-पिवळी, चाकोऱ्यांच्या मधोमध गवताची पट्टी. दोन्ही हातांना हरभरा आणि गहू, पलीकडे वेचून रिकामी झालेली पऱ्हाटी (कपाशी). एका शेतात बाया हुळा (जाळावर भाजलेला ओला हरभरा) खात बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने हाक मारून ओंजळभर दिला. "कुठले म्हना तुमी?" पुण्याचा म्हणताच ती म्हणाली, "बापा! इतक्या दुरून सायकलीवर?" आगगाडीचे मी सांगितले, पण तिचा विश्वास बसल्यासारखा दिसला नाही. हात काळे करून पुढे निघालो.

कित्येक महिन्यांत इतका मोकळा मी झालो नव्हतो. मागे वळून पाहायची सवय एका तासात सुटली. समोरून वारा आणि चाकाखाली मुरमाची करकर, चांगल्या कानात एवढेच. नाल्याकडचा लांब उतार लागला, तशी पायडल थांबवून मी वाटेच्या मधोमध सायकल रमतगमत घरंगळू दिली.

एकाएकी डाव्या अंगाला बैलाचे शिंग दिसले. मी घाबरून नेमका तिकडेच वळलो. कुणीतरी ओरडले, बैल वाटेबाहेर ओढले गेले, आणि धडाड आवाज झाला. मी घसरून पडलो. उठून पाहतो तो एक दमणी (दोन बैलांची हलकी, वेगाची गाडी) खडकाला अडून कलंडली होती. एका चाकाचे आरे मोडले होते, आणि मुरमावर हिरव्या काचेचा सडा पडला होता.

गाडीवान पन्नाशीचा, दाढी मेंदीने रंगवलेली. त्याने आधी बैलांचे पाय चाचपले, मग माझ्याकडे आला. "लागलं काय?"

"नाही."

"मंग ऐकू नाही आलं काय तुमाले? वरडून वरडून गळा सुकला माझा!"

"विचारात होतो," मी म्हणालो.

तो रहीमभाई, चिखलीचा मणियार (बांगड्या भरणारा). अमडापूरला एका कास्तकाराच्या (शेतकऱ्याच्या) घरी लग्न होते. दुपारी नवरीला हळद लागायची आणि त्याआधी तिच्या हातात चुडा भरायचा होता. "तिच्या मायचा चुडा म्याच भरला, आजीचा माह्या बापानं," तो काचा उलथत म्हणाला. पेंढ्यात गुंडाळलेली एकच जुडी धड निघाली. त्याने एकेक बांगडी नखाने वाजवून पाहिली आणि मग सूर्याकडे पाहिले. पायी जाऊन वेळेवर पोचणे शक्य नव्हते.

"माझ्या मागे बसा," मी म्हणालो.

जवळच्या शेतातला माणूस बैलांपाशी थांबायला तयार झाला. रहीमभाई जुडी पोटाशी धरून मागच्या कॅरिअरवर बसला. उतारावर मी दोन्ही ब्रेक दाबून धरले होते. प्रत्येक खड्ड्याला त्याचा श्वास अडकलेला माझ्या पाठीला कळत होता. नाला आम्ही पायीच ओलांडला. सायकल माझ्या खांद्यावर, बांगड्या त्याच्या डोक्यावर.

पुन्हा निघाल्यावर काही वेळाने त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

"तीनदा इचारलं, घरी कोन कोन हाये म्हनून. तुमी बोलूनच नाही राह्यले." मग थोडा थांबून उजव्या बाजूने वाकून म्हणाला, "ह्या कानानं येते काय ऐकू?"

"येतं."

"अन् त्या?"

मी पायडल जोरात मारू लागलो. तिथून अमडापूरपर्यंत तो उजव्या कानाशी सांगत राहिला: "मांगून बैलगाडी येऊन राह्यली, डाव्या अंगाले घ्या." "आता जाऊ द्या तिले." "घ्या मधात, वाट मोकळी हाये." वर्षभरात पहिल्यांदा मी मानेला ताण न देता सायकल चालवली.

टेकडीवरचे देवीचे देऊळ दिसू लागले आणि गाव आले. मांडवात सगळे वाटेकडे डोळे लावून बसले होते. नवरीची आजी काठी टेकत पुढे आली. "काऊन रे रहीम, आज उशीर केला?"

"चाक मोडलं, माय. खडकावर गेली गाडी."

एवढ्यावर भागले असते. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पण हाताला पेंढा लागलेला तो माणूस माझी चूक आपल्या अंगावर घेत होता आणि मी टोपी झटकत उभा होतो, हे मला सहन झाले नाही.

"आजी, चाक माझ्यामुळे मोडलं," मी म्हणालो. "हे मागून ओरडत होते. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

आपले आपल्यालाच ते शब्द इतके मोठ्याने ऐकू आले की कानशिले तापली. म्हातारीने मला नीट न्याहाळले. मग काठी टेकत वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला आली आणि म्हणाली, "मंग ह्या अंगानं सांगते. जेवल्याबिगर जाऊ नको."

रहीमभाई नवरीसमोर बसला. तिचा हात हातात घेऊन, बोटे दाबत, तिच्याशी काहीबाही बोलत एकेक बांगडी चढवू लागला. एक तडकली तेव्हा बायका उरलेल्या मोजू लागल्या. शेवटी दोन्ही हात भरले, सारखे भरले, आणि हळदीची गाणी सुरू झाली. मी रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची झणझणीत भाजी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आले, ते भाजीचेच असे सगळ्यांनी धरले.

मुक्काम तिथेच झाला. सकाळी गावच्या सुताराला घेऊन आम्ही गाडीपाशी गेलो. चाकाचा खर्च मी दिला. रहीमभाईने आढेवेढे न घेता घेतला, ते मला बरे वाटले. परतताना तो म्हणाला, "तुमी व्हा पुढं. मी हाये मांगं." चिखलीपर्यंत दमणी माझ्या मागे होती. एकदाही मी वळून पाहिले नाही.

ताईला त्याच संध्याकाळी सांगितले. ती आधी रडली, मग चिडली. "चार दिवस मी तुझ्या डावीकडे बसून बोलते आहे आणि तू नुसता हो हो म्हणतोस! शिवरात्रीपर्यंत राहायचं कबूल केलंयस, ठाऊक आहे?"

राहिलो शिवरात्रीपर्यंत.

मी वऱ्हाडात गेलो तो मागून कुणी येत नाही अशी वाट शोधायला. तशी मिळाली असती तर काय केले असते, कुणास ठाऊक; बहुधा आणखी एक वर्ष तसाच गप्प राहिलो असतो. पुण्याला आल्यावर पहिल्याच सकाळी छापखान्यात शेजारच्या टेबलावरच्या जुळाऱ्याला (छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला) म्हणालो, "माझ्याशी उजवीकडून बोलत जा. डावा कान गेलाय." त्याने हातातले खिळे खाली ठेवले, आपले स्टूल उचलले आणि टेबलाला वळसा घालून माझ्या उजव्या हाताशी आणून ठेवले.